विश्लेषण : वन्यप्राण्यांसाठी खोदलेले पाणवठे गवताच्या मुळावर? आफ्रिकेच्या सव्हानातील नव्वद वर्षांचा अनुभव काय सांगतो?

दुष्काळात तहानलेल्या जनावरांना पाणी पाजण्यात गैर काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या व्यवस्थापकांनाही तो कित्येक वर्षे पडला नव्हता. १९३० च्या दशकापासून त्यांनी तिथे तीनशेहून अधिक विंधन विहिरी खोदल्या, ओढ्यांवर मातीचे बांध घातले, पवनचक्क्या उभारल्या. पुढे १९९० च्या दशकात याच उद्यानाने त्यातील निम्म्याहून अधिक विहिरी स्वतःहून बंद केल्या. पाणी संपले म्हणून त्या बंद झाल्या नाहीत. पाणी होते, पण त्याभोवतीचे गवत, झाडे आणि काही दुर्मीळ हरणे हातची जाऊ लागली होती. पाणवठ्याचा वनस्पतींवर नेमका परिणाम कसा होतो आणि क्रुगरच्या निर्णयातून काय साधले, याचा हा वेध.

क्रुगरमध्ये पाणवठे बांधण्याची वेळ का आली?

क्रुगर हे सुमारे १९ हजार ५०० चौरस किलोमीटरचे, उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर पसरलेले उद्यान आहे. १९२६ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दक्षिणेकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर उत्तरेकडे त्याच्या जेमतेम निम्मा. बारमाही म्हणाव्यात अशा नद्या मोजक्याच, आणि त्यांचे उगमही उद्यानाबाहेर पश्चिमेकडे. तिकडे शेती, फळबागा आणि खाणी वाढल्या तसा नद्यांचा प्रवाह आटत गेला.

त्यात कुंपणाची भर पडली. पूर्वी विल्डबीस्ट आणि झेब्य्रांचे कळप कोरड्या ऋतूत पश्चिमेकडे डोंगरपायथ्याच्या ओलसर भागाकडे सरकत. लाळ्या-खुरकुत रोग पाळीव गुरांत पसरू नये म्हणून १९६० च्या सुमारास पश्चिम सीमेवर तारेचे कुंपण घातले गेले आणि ही वाट बंद झाली. कुंपणाने जनावरांचे पाणी तोडले आहे, तेव्हा ते आपण पुरवले पाहिजे, असा हिशेब मांडला गेला. तो त्या काळाला धरूनच होता. शिवाय पाणवठ्यावर प्राणी हमखास दिसतात आणि पर्यटकांना तेच हवे असते. पाण्यासाठी देणग्याही सहज मिळत. खडकात भोक पाडले, पवनचक्की लावली, हौद भरला की काम झाल्याचे डोळ्यांना दिसते. गवत वाचवण्याच्या कामाचे असे छायाचित्र निघत नाही.

पाणवठ्याभोवती नेमके काय घडते?

१९६९ मध्ये आर. टी. लँग या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने दक्षिण ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांच्या कुरणांत पाण्याच्या हौदाकडे जाणाऱ्या पाऊलवाटा आणि लेंड्यांचे प्रमाण मोजले. हौदाभोवती वनस्पतींची, मातीची आणि खताची वर्तुळे तयार होतात, असे त्याच्या लक्षात आले. पिण्याशी संबंधित ग्रीक शब्दावरून त्याने या वर्तुळाकार पट्ट्याला ‘पायोस्फिअर’ असे नाव दिले. मराठीत त्याला पाणवठ्याचे प्रभावक्षेत्र म्हणता येईल.

सव्हानात हे प्रभावक्षेत्र असे दिसते. हौदापासून पहिले शंभर-दोनशे मीटर जमीन जवळपास उघडी असते. हजारो खुरांनी माती दाबली जाते, तिच्यावर कडक पापुद्रा धरतो आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. शेण-मूत्रामुळे नत्र आणि स्फुरद मात्र इथे भरपूर असते. म्हणून पाऊस पडला की याच जागी सर्वात आधी हिरवळ येते, पण ती एका हंगामात उगवून वाळून जाणाऱ्या वर्षायू तणांची आणि आखूड गवताची. काही प्राण्यांना ही लुसलुशीत हिरवळ आवडते, हेही नोंदवायला हवे. दुष्काळात मात्र तिथे खायला काडी नसते.

त्यापुढच्या पट्ट्यात बहुवर्षायू गवत मागे हटलेले दिसते. थेमेडा ट्रायन्ड्रा हे सव्हानातील महत्त्वाचे चाऱ्याचे गवत. चरल्यावर त्याला पुन्हा वाढायला, मुळांत साठा करायला उसंत लागते. जनावरे रोज त्याच वाटेने येऊ लागली की ती उसंत मिळत नाही आणि त्याची जागा चराई सोसणाऱ्या, कमी पौष्टिक गवतांकडे जाते.

पुढची पायरी सहज लक्षात येत नाही. गवत विरळ झाले की वणव्याला जळण उरत नाही. सव्हानात दर काही वर्षांनी येणारी आग काटेरी झुडपांची रोपे मारून त्यांना गवताच्या उंचीत दाबून ठेवत असते. आग थांबली, शिवाय गवताची मुळे पिऊन टाकत होती ते वरच्या थरातले पाणी झुडपांना मिळू लागले, की झुडपे माजतात. हरणे आणि हत्ती शेंगा खाऊन बिया शेणावाटे त्याच भागात टाकत असतात. क्रुगरमध्ये अशी माजणारी एक ठळक वनस्पती म्हणजे डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. महाराष्ट्रातील माळरानांवरही ती आढळते आणि गुलाबी-पिवळ्या तुऱ्यांमुळे तिला दुरंगी बाभूळ म्हणतात.

मातीवरही बरेच अवलंबून असते. क्रुगरचा पूर्वेकडचा भाग काळ्या बेसाल्टचा असून तिथले गवत गोड आणि दाट आहे. साहजिकच चरणाऱ्यांची गर्दीही तिथेच होते. पश्चिमेकडच्या ग्रॅनाइटवरची माती वाळूमिश्रित असते. उद्यानातील काही अभ्यासांत पाण्यापासूनच्या अंतराचा परिणाम पावसाच्या चढउतारापेक्षा फिका दिसला. एखाद्या चांगल्या पावसाळ्यानंतर वर्तुळे पुसटही होतात. एका पाणवठ्याने सव्हाना वाळवंट होत नाही. खरी गोम पाणवठ्यांच्या संख्येत आणि त्यांच्यातील अंतरात आहे.

अंतराचे गणित काय?

पाणवठ्याभोवती पाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर होते. दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे होते सुमारे ३१४. म्हणजे एकटा पाणवठा असेल, तर दहा किलोमीटरच्या परिघातील तीन चतुर्थांश जमीन पाण्यापासून पाच किलोमीटरहून लांब राहते. रोज पाणी पिणारे झेब्रे, विल्डबीस्ट किंवा रानरेडे कोरड्या ऋतूत तिथवर क्वचितच जातात. ते गवत राखीव राहते. फार मोठा दुष्काळ पडला की जनावरे जास्त चालून तिथे पोहोचतात आणि तगतात. बँकेत मुदतठेव असावी, तसे हे गवत असते.

आता हेच पाणवठे चौरस जाळीत सात-सात किलोमीटरवर ठेवले, तर चार पाणवठ्यांच्या बरोबर मधला बिंदूही पाच किलोमीटरच्या आत येतो. राखीव गवत शून्य. चांगल्या पावसाच्या वर्षांत याचा त्रास जाणवत नाही, उलट जनावरांची संख्या वाढते आणि सगळे आनंदात असतात. दुष्काळात हिशेब चुकता होतो.

१९८२-८३ च्या दुष्काळात तो झाला. क्रुगरला लागून पश्चिमेला क्लासेरी हे खासगी अभयारण्य आहे. तिथे पाणवठे दाटीवाटीने होते. त्या दुष्काळात चरणारे प्राणी तिथे मोठ्या प्रमाणावर मेले, आणि शेजारच्या, पाणवठे तुलनेने विरळ असलेल्या क्रुगरमध्ये ती झळ कमी बसली. ब्रायन वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या दोन्ही ठिकाणांची आणि आणखी काही अभयारण्यांची तुलना केली आहे. क्लासेरीतील प्राणी हौद भरलेले असताना मेले. त्यांना तहानेने नव्हे, भुकेने गाठले. या एका वाक्यात सगळा विषय आला, असे म्हटले तरी चालेल.

हरणांची एक जात संकटात कशी आली?

रोन हे घोड्याएवढे उंच, मागे वळलेल्या शिंगांचे हरीण. त्याला उंच, न तुडवलेले बहुवर्षायू गवत लागते. त्याची पिल्ले जन्मल्यावर काही आठवडे त्याच गवतात दडून राहतात. क्रुगरच्या उत्तरेकडील कोरड्या बेसाल्ट पठारावर पाणी कमी, म्हणून झेब्रे कमी, म्हणून सिंहही कमी. रोनना ही शांतता मानवत होती.

तिथे पाणवठे झाले. दुष्काळाच्या वर्षांत झेब्रे आणि विल्डबीस्ट त्या पाण्यावर आले आणि स्थिरावले. त्यांनी गवत आखूड केले. त्यांच्यामागून सिंह आले. सिंहाला झेब्य्रांवर पोट भरता येते आणि मधूनच एखादा रोन मारला तर त्याचे काही अडत नाही. रोनच्या छोट्या कळपाला मात्र एक-दोन प्रौढ माद्यांचे नुकसानही झेपत नाही. १९८६ मध्ये क्रुगरमध्ये सुमारे ४५० रोन होते, १९९३ मध्ये उरले सुमारे ४५. सेबल आणि त्सेसेबी या हरणांचीही घसरण झाली. कुडूसारख्या पाला खाणाऱ्या हरणांना पाल्यातूनच बरेच पाणी मिळते. त्यांचे वावरणे पाणवठ्याशी तितके बांधलेले नसते.

ज्या दुर्मीळ प्राण्यांना मदत व्हावी हाही पाणीपुरवठ्याचा हेतू होता, त्यांच्यावरच तो उलटला. १९९४ मध्ये उत्तरेकडील पठारावरचे पाणवठे बंद करण्यास सुरुवात झाली आणि दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण उद्यानासाठी हेच धोरण ठरले. झेब्रे त्या भागातून पांगले, गवत सावरले. रोनची संख्या मात्र अपेक्षेप्रमाणे वर आली नाही. गवत दोन-चार पावसाळ्यांत परतू शकते. पन्नासच्या खाली गेलेला प्राणी तितक्या लवकर परतत नाही.

हत्ती आणि मोठ्या झाडांचे काय?

प्रौढ हत्ती दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी पिऊ शकतो. नर दूरवर भटकतात, पण पिल्ले असलेल्या माद्यांचे कळप कोरड्या ऋतूत पाण्यापासून फार दूर जाऊ शकत नाहीत. म्हणून जिथे पाणी, तिथे हत्ती, आणि जिथे हत्ती, तिथे साल सोललेली, मोडलेली, उन्मळलेली झाडे. क्रुगरमध्ये याचा फटका प्रामुख्याने मरूला आणि नॉबथॉर्न या वृक्षांना बसतो. मरूला आंब्याच्या कुळातला, नॉबथॉर्न बाभळीचा नातेवाईक.

एवढ्यावर भागत नाही. पाण्याजवळ इम्पाला हरणांची गर्दी असते आणि ती झाडांची कोवळी रोपे खुडतात. वरून हत्ती म्हातारी झाडे पाडतात, खालून इम्पाला नवी पिढी उठू देत नाहीत. उरतात ती मधली, खुरटलेली, काटेरी झुडपे. दुरून पाहणाऱ्याला हिरवे रान दिसते, पण त्यात गिधाडांना घरटे बांधण्याजोगे उंच झाड सापडत नाही.

हत्तींच्या संख्येचा इतिहासही इथे पाण्याशी जोडलेला आहे. १९६७ ते १९९४ या काळात क्रुगरने हत्तींची संख्या सात हजारांच्या आसपास ठेवण्यासाठी १४ हजारांहून अधिक हत्ती मारले. जनमताच्या दबावामुळे ते थांबले. २०१५ पर्यंत संख्या १७ हजारांच्या पुढे गेली. गोळी थांबली तेव्हा पाणी हे व्यवस्थापनाचे साधन ठरले. पाणवठे बंद केले, की काही भाग कोरड्या ऋतूत हत्तींच्या आवाक्याबाहेर जातील आणि झाडांना विसावा मिळेल, अशी ही कल्पना आहे. कागदावर ती पटते. प्रत्यक्षात क्रुगरला नद्या आणि ओढ्यांचे जाळे आहे, हत्ती कोरड्या पात्रात सोंडेने आणि पायाने खड्डा करून पाणी काढतात, आणि कुंपण निघालेल्या पश्चिमेकडील खासगी अभयारण्यांत पाणवठे अजूनही बरेच आहेत. त्यामुळे विहिरी बंद करण्याचा हत्तींवरचा परिणाम सर्वत्र सारखा दिसलेला नाही.

खासगी अभयारण्यांची अडचण वेगळी आहे. पर्यटकांचे निवास बहुधा पाणवठ्यासमोर असतात आणि व्हरांड्यातून हत्ती दिसणे ही त्यांची मुख्य विक्रीची वस्तू असते. तिथे पाणवठा बंद करा म्हणणे सोपे नाही. मग मोठ्या झाडांच्या बुंध्यांना तारेची जाळी गुंडाळली जाते. काही ठिकाणी मरूलाच्या फांद्यांना मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या आहेत. हत्ती मधमाश्यांना घाबरतात, त्यामुळे त्या झाडांना तो टाळतो, असे प्रयोगांत दिसले आहे. उपाय सुंदर आहे, पण लाखो झाडांच्या रानात तो किती पुरणार, हा प्रश्न उरतोच.

जिथे नदीच नाही तिथे काय करायचे?

क्रुगरचे धोरण सगळीकडे उचलून लावता येत नाही, हे झिम्बाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाकडे पाहिले की कळते. सुमारे १४ हजार ६०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बारमाही नदी नाही. १९२८ मध्ये ते राखीव झाले तेव्हा तिथे हत्ती हजारभरही नव्हते. टेड डेव्हिसन या पहिल्या वॉर्डनने विंधन विहिरींना पंप बसवण्यास सुरुवात केली. आज तिथे हत्तींची संख्या ४० हजारांच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. हे हत्ती अक्षरशः पंपावर जगतात.

ह्वांगेतील झाडांवर उपग्रह छायाचित्रांच्या साह्याने अभ्यास झाला आहे. पाणवठ्यालगत झाडोरा विरळ आणि दूर जावे तसा दाट, हे अपेक्षित चित्र तिथेही आढळले. मात्र हत्ती एवढे वाढूनही ही उघडी वर्तुळे वर्षागणिक फोफावत चालल्याचे दिसले नाही. म्हणजे हत्ती वाढले की जंगल संपलेच, असे सरसकट म्हणता येत नाही. पण दुष्काळात तिथले हत्ती मरतात. २०१९ मध्ये झिम्बाब्वेत दोनशेहून अधिक हत्ती दगावले, त्यात ह्वांगेचा वाटा मोठा होता. पंप चालवून मरण पुढे ढकलले जाते आणि हत्ती आणखी वाढतात. पंप बंद केले तर हजारो हत्ती डोळ्यांदेखत मरतील आणि बाकीचे शेजारच्या गावांत शिरतील. २०२४ च्या दुष्काळात झिम्बाब्वे सरकारने दोनशे हत्ती मारून मांस लोकांना वाटण्याची परवानगी दिली. पूर्वी डिझेलला पैसे नसले की पंप थांबत. आता बरेच पंप सौरऊर्जेवर आहेत, आणि कोरड्या ऋतूत तिथे ऊन कधी कमी पडत नाही.

काही उद्यानांत मधला मार्ग म्हणून पाणवठे आळीपाळीने चालू-बंद ठेवले जातात. त्यातही एक मेख आहे. बहुवर्षायू गवताला सावरायला अनेक पावसाळे लागतात आणि आळीपाळी बहुधा त्याआधीच पूर्ण होते. मग एका तुडवलेल्या वर्तुळाऐवजी दोन तयार होतात.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट इथे उन्हाळ्यात वनविभाग कृत्रिम पाणवठे भरतो, कुठे टँकरने, कुठे सौरपंपाने. मे महिन्यातील विदर्भाचे ऊन पाहता त्याची गरज नाकारता येणार नाही. पाण्याअभावी प्राणी गावाच्या विहिरीकडे वळले तर माणसांचे आणि त्यांचेही नुकसान होते. शिवाय ताडोबा म्हणजे क्रुगर नव्हे. इथे पाऊस हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, पानगळीचे जंगल आहे, हत्तींचे हजारोंचे कळप नाहीत. आफ्रिकेतील आकडे इथे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल.

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडील माळरानांची गोष्ट मात्र निराळी. परिसंस्थेच्या दृष्टीने ती सव्हानाच आहेत. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी साहित्यातील झाडा-गवतांचे उल्लेख तपासून २०२५ मध्ये दाखवून दिले, की हे माळ जंगल तोडून झालेले नाहीत, ते शतकानुशतके तसेच आहेत. अशा जमिनीवर काळवीट-चिंकाऱ्यांसाठी ठिकठिकाणी सिमेंटच्या बश्या ठेवताना दोन बश्यांमधले अंतर किती, बारा महिने भरायच्या की फक्त एप्रिल-मे, हे प्रश्न तांत्रिक वाटले तरी गवताच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. चिंकारा तर पाण्याशिवाय बराच काळ राहू शकणारा प्राणी आहे.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. आता तिला शास्त्रीय गणनेऐवजी निसर्गानुभवाचे रूप आले आहे. त्याच पाणवठ्यापासून शंभर मीटर, पाचशे मीटर, एक आणि दोन किलोमीटरवर एकेक मीटरची चौकट टाकून पावसाळ्याच्या शेवटी गवताच्या जाती आणि उंची नोंदवण्यास फारसा खर्च येत नाही. त्याला एक दोरी, एक वही आणि गवत ओळखणारा एक माणूस लागतो. यातला तिसरा सर्वात दुर्मीळ.